खबर नाही

माझ्या माहेरी माजघरात एक शिसवी पेटी होती. तिच्या तळाशी लाल खारव्याचा रुमाल, त्यात मोडीतले तेवीस कागद. घरातल्या कुणालाच ते वाचता येत नव्हते, पण दसऱ्याला पोथ्यांबरोबर त्यांचीही पूजा व्हायची. आजी सांगायची, आपल्या घरातला एक पुरुष पानपतावर गेला तो परत आला नाही. म्हणून संक्रांतीच्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर एक जास्तीची पणती लागायची. यमदीपाचं तोंड दक्षिणेला असतं. हिचं उत्तरेला असायचं. गेलेल्याला वाट दिसावी म्हणून.

तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं मी इतिहास आणि मराठी शिकवलं. ऐतिहासिक साहित्याशी माझा संबंध आधी त्या पणतीमुळे आला, पुस्तकं नंतर आली. या वाटेवर जे पदरात पडलं, ते क्रमाने लिहिते.

१. आधी शब्दांना विचारावं

पुस्तकं हाती येण्यापूर्वी इतिहास आपल्या जिभेवर येऊन बसलेला असतो. 'भाऊगर्दी' हा शब्द वर्गात आला की मुलं म्हणायची, भावाभावांची गर्दी. मग मी सांगायची की हा भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी पानिपताच्या लढाईत विश्वासराव पडल्यावर भाऊ ज्या गर्दीत शिरला आणि दिसेनासा झाला, ती ही गर्दी. एसटी स्टँडवर आपण तो शब्द वापरतो तेव्हा त्या दुपारची धूळ त्याच्या अंगावर असते. एखाद्यावर विश्वास ठेवू का, असं विचारलं की आजी म्हणायची, विश्वास तर पानपतातच मेला. 'पानिपत होणं' हा तर परीक्षेतल्या नापासांचाही वाक्प्रचार झाला.

लिखित साहित्याच्या आधीची ही पायरी आहे. ज्या घटनेने भाषेत शब्द सोडले, ती लोकांच्या काळजाला किती खोल लागली याचा पुरावा कुठल्याही दप्तरात यापेक्षा चांगला मिळत नाही. पोवाड्यांचंही तेच. अज्ञानदासाचा अफझलखानाच्या वधाचा पोवाडा, तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा यांतला तपशील तासून घ्यावा लागतो. पण तो प्रसंग ऐकणाऱ्याच्या छातीत काय करत होता, ते तिथेच कळतं.

२. लिपी शिकावी, मग बोलावं

चाळीशी ओलांडल्यावर मी मोडी शिकले. गावातले एक निवृत्त तलाठी होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, मोडीत शब्द तुटत नाही. ओळ आधी आखायची आणि हात न उचलता लिहीत जायचं. वाचणाऱ्यानेही तसंच वाचायचं, श्वास न तोडता." ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्यायचं, दोन शब्दांमध्ये फट शोधायची नाही, लेखकाच्या हाताची लकब ओळखायची. तीन महिन्यांनी मला पहिली ओळ लागली. ती एका पावतीतली होती. दोन खंडी ज्वारी पोहोचली, एवढाच मजकूर. पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने मला काहीतरी सांगितलं आणि ते मला कळलं, या आनंदाने त्या रात्री मला झोप आली नाही.

लिपी आली तशी माझ्या शिकवण्यात एक अडखळ आली. आनंदीबाईने 'धरावे'चं 'मारावे' केलं आणि १७७३ साली नारायणरावाचा खून झाला, ही गोष्ट मी वर्षानुवर्षं रंगवून सांगत होते. 'ध'चा 'मा' ही म्हण तर भाषेत रुजलेलीच आहे. अण्णांनी शांतपणे विचारलं, "तो कागद कुणी पाहिलाय?" मी निरुत्तर झाले. बखरीतून ही हकीकत उतरली, १९०९ साली खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'ने त्या घरातल्या कारस्थानाला रंगभूमीवर देह दिला आणि आनंदीबाईच्या कपाळी तो डाग कायमचा बसला. पुढे ही गोष्ट सांगताना मी 'अशी हकीकत आहे' हे तीन शब्द जोडू लागले. एका बाईच्या अब्रूचा प्रश्न असेल तर तीन शब्द फार नाहीत.

३. सनाची घाई करू नये

ही माझी चूक आहे आणि ती मी छापलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तेवीस कागदांपैकी एक विनंतीपत्राची नक्कल निघाली. आमच्या घरातल्या एका बाईच्या नावाने कुणा कारकुनाने लिहिलेली. घरधनी पथकाबरोबर हिंदुस्थानात गेले, आले नाहीत, त्यांची खबर नाही, लेकरं लहान आहेत, तरी जमीन चालवावी, अशी मागणी. त्या काळी हिंदुस्थान म्हणजे नर्मदेपलीकडचा मुलूख. कागदाखाली काळ दिला होता: सन सलास सितैन मया व अलफ, छ ७ जमादिलावल.

मी अरबी अंकांचा तक्ता काढला. सलास तीन, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६३. महिना जमादिलावल, म्हणजे सन हिजरी असणार असं मी धरून चालले. हिजरी ११६३ चा जमादिलावल येतो १७५० च्या एप्रिलमध्ये. पानिपताच्या जवळजवळ अकरा वर्षं आधी! म्हणजे तो पुरुष पानिपतावर गेलाच नव्हता, आधीच कुठेतरी हरवला होता. आजीची गोष्ट खोटी ठरली. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी तसा लेख लिहिला. शीर्षकात 'सत्य' हा शब्द होता. काकांनी तो वाचला, चष्मा काढून ठेवला आणि एवढंच म्हणाले, "पोरी, पणती विझवलीस." त्या वर्षी ती खरंच लागली नाही.

दोन वर्षांनी ग. ह. खरे यांचं 'संशोधकाचा मित्र' मन लावून वाचलं तेव्हा डोळे उघडले. मराठी दप्तरांत अक्षरांनी लिहिलेला असा सन बहुधा शुहूर सन असतो. महिने हिजरीचे, पण वर्ष सौर, मृग नक्षत्राला पालटणारं. म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. शेतकऱ्याचा सारा पिकावर ठरायचा, आणि चांद्र वर्ष पिकाला धरून चालत नाही, म्हणून ही सोय. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. ११६३ म्हणजे १७६२-६३. माझा कागद नोव्हेंबर १७६२ चा निघाला. पानिपतानंतर पावणेदोन वर्षांनी एक बाई सांगत होती की खबर नाही.

पुढच्या वार्षिक अंकात मी दुरुस्ती छापली. काका तोवर गेले होते.

कागद खोटं बोलत नाही असं आपण म्हणतो. पण कागदाला त्याच्या काळाच्या भाषेत प्रश्न विचारला नाही, तर तो आपल्याला हवं तसं उत्तर देतो. आणि लोकांच्या गोष्टी मोडण्याची जी हौस नव्या अभ्यासकाला असते, ती मला फार जोराची होती. गोष्ट जपणाऱ्याने दहा वेळा पुरावा तपासावा, तर मोडणाऱ्याने वीस वेळा. मोडलेलं पुन्हा बसवायला माणसं शिल्लक असतातच असं नाही.

४. बखर ही वाट पाहणाऱ्यांसाठी लिहिलेली असते

'बखर' हा शब्द 'खबर'मधली अक्षरं उलटून आला, असं एक मत आहे. दुसरं मत 'बखैर'कडे, क्षेमकुशलाकडे, बोट दाखवतं. व्युत्पत्तीचा निकाल भाषापंडितांनी लावावा. मला मात्र आमच्या कागदातलं 'खबर नाही' वाचल्यापासून पहिलं मत मनातून जात नाही.

शिवछत्रपती १६८० साली गेले. त्यानंतर सतरा वर्षांनी, १६९७ साली, जिंजीला कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली, ती राजाराम महाराजांनी सांगितलं म्हणून. मुलाला वडिलांचं चरित्र हवं होतं. राज्य संकटात होतं, राजधानी घरापासून शेकडो कोस दूर गेली होती, आणि थोरल्या महाराजांनी हे कसं उभारलं हे सांगू शकणारी माणसं एकेक करून जात होती. हे ध्यानात ठेवून सभासद वाचला की त्याच्या तुटक, भराभर धावणाऱ्या वाक्यांचं कारण कळतं. त्याच्या तारखा चुकतात, क्रमही कुठे कुठे ढळतो. पण आठवणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो.

'भाऊसाहेबांची बखर' माझ्या सर्वांत जवळची. पानिपतानंतर थोड्याच काळाने लिहिलेली, कृष्णाजी शामरावाच्या नावावर असलेली. मराठी गद्यात इतका वेग आणि इतका शोक एकत्र फार थोड्या ठिकाणी सापडतो. तिच्यातले लाखांचे आकडे मी घेत नाही. संवाद तर लेखकाने रचलेलेच आहेत. दरबारी रुसवेफुगवे, सरदारांची टोचून बोलणी त्याने कुठून ऐकली, देव जाणे. तरीही सैन्य उत्तरेत अडकल्यावर छावणीत भूक कशी शिरते, माणसाचा माणसावरचा विश्वास कसा पातळ होतो, हे तिच्याइतकं कुणीच मला दाखवलं नाही.

तिच्या शेजारी मी दोन पुस्तकं ठेवते. एक, नाना फडणिसांचं छोटंसं आत्मचरित्र. पानिपतावर हा मुलगा अठरा वर्षांचा होता, एकोणिसावं पुरं व्हायला महिना उरला होता. बरोबर आई होती, ती त्या पळापळीत हरवली ती कायमची. पुढे सगळा पेशवाईचा कारभार ज्याने तोलला तो माणूस स्वतःचं भय, स्वतःची लाज लपवत नाही. मराठीत त्या काळी असं स्वतःविषयी लिहिणारं दुसरं कोण आहे? दुसरं, काशीराजाची फारसी हकीकत. हा मूळचा दक्षिणी, पण शुजाउद्दौल्याच्या चाकरीत, म्हणजे पलीकडच्या छावणीत. त्याने १७८० साली लिहिलं. दोन्ही बाजूंची भाषा कळणाऱ्या माणसाने शत्रूच्या तंबूतून आपल्या माणसांचं मरण पाहिलेलं. एकच दिवस, तीन लेखण्या. तिन्ही जुळतात ती जागा मी पक्की मानते. फाटतात ती जागा जास्त वेळ वाचते.

५. कागद वाचवणाऱ्यांची नावं मुलांना पाठ असावीत

लढायांच्या सनावळ्या मुलांना पाठ असतात. हे कागद आपल्यापर्यंत कुणी आणले, हे मात्र आपण सांगत नाही.

१८२६ साली ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास आला. साताऱ्याला रेसिडेंट म्हणून राहिलेल्या या माणसाने कागद गोळा करून रचलेला मोठा ग्रंथ. मराठीत तो उतरला तेव्हा त्याचंही नाव 'मराठ्यांची बखर' असंच ठेवलं गेलं, कारण आपल्याकडे इतिहासाला दुसरं ओळखीचं नाव नव्हतं. पुढे चाळीस वर्षं तोच शेवटचा शब्द होता. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यातल्या चुका आणि उणिवा दाखवणारा निबंध लिहिला. इंग्रजी अंमल ऐन जोरात असताना एका तरुण मुलाने साहेबाच्या ग्रंथाला प्रश्न विचारला, तोही शिवीगाळ न करता, आधार देऊन. मला तो मराठी इतिहासलेखनाचा खरा वाढदिवस वाटतो.

मग १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' सुरू झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक ही त्यामागची माणसं. वाड्यांच्या फडताळांत पडलेल्या बखरी छापील अक्षरांत आल्या. १८९८ साली राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला, आणि तो पानिपतापर्यंतच्या अकरा वर्षांच्या पत्रांचा होता. पुढे बावीस खंड झाले. गावोगाव फिरायचं, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेली दप्तरं सोडवायची, स्वतःच्या हाताने रांधून खायचं, आणि लिहायचं ते मराठीतच. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं तेही त्यांच्याच पुढाकाराने, सरदार मेहेंदळ्यांच्या साथीने. त्यांच्या प्रस्तावनांतली मतं मी सगळीच घेत नाही. गोविंदपंत बुंदेले आणि मल्हारराव होळकर यांच्यावर त्यांनी पानिपताचा जो दोष टाकला, तो मला फार कडक वाटतो. पण तो कडक वाटावा इतकी पत्रं माझ्या हाती आहेत, ती त्यांच्या आणि त्यांच्या मागून आलेल्यांच्या कष्टांमुळेच.

मागून आलेल्यांत रियासतकार सरदेसाई. बडोद्याची नोकरी संपल्यावर विश्रांती घ्यायच्या वयात त्यांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या थोड्या वर्षांत काढले. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावर आधी इंग्रजीत, १९४६ साली, आणि मग १९६१ मध्ये, लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा, मराठीत ग्रंथ लिहिला. हट्टी, अननुभवी भाऊ हे जे चित्र पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं, त्याला त्यांनी कागदांच्या बळावर धक्का दिला.

या सगळ्यांत माझा जीव अडकतो तो वासुदेवशास्त्री खरे यांच्यापाशी. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पटवर्धन सरदारांची दप्तरं वाचायची. १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे भाग काढायला लागले ते १९२४ साली जाईपर्यंत थांबले नाहीत. शाळामास्तरच्या पगारात किती तेल जळत असेल त्या दिव्यात! माझ्या खोलीत पंखा होता, विजेचा दिवा होता, आणि तरी तेवीस कागदांना मला चार वर्षं लागली.

६. छापील प्रत हातात आली तरी संपादकाचा हात पाहावा

वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेत गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशी पडताना ते झाशीत होते. परत आले ते गंगेची कावड घेऊन. कोकणातल्या एका गरीब भिक्षुकाने, कुणाचाही पक्ष न घेता, पोटाची आणि जिवाची चिंता लिहिली, म्हणून 'माझा प्रवास' इतका खरा वाटतो. चिं. वि. वैद्यांनी तो १९०७ साली छापला, पण स्वतःच्या हाताने घडी घालून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती द. वा. पोतदारांनी १९६६ साली काढली. मी दोन्ही ओळीला ओळ लावून वाचल्या. वैद्यांचा हेतू चांगला होता, पुस्तक जगलं तेही त्यांच्यामुळे. पण भटजींची वळणं, त्यांची आडवीतिडवी बोली, भीतीचा वास, हे मूळ प्रतीत सापडलं. शाळेसाठी पुस्तक घेताना 'कुठली आवृत्ती?' हा प्रश्न मी त्यानंतर कधी विसरले नाही.

७. कादंबरीने दार उघडतं, आत आपण चालायचं

गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून, म्हणजे १८७१ पासून, मराठीत ऐतिहासिक कादंबरी आहे. हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने आली, तेव्हा राजवाड्यांचा पहिला खंडही निघाला नव्हता. साधनं नसताना हरिभाऊंनी शिवकाळातली घरं उभी केली, त्यांतली माणसं बोलती केली. पुढे 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा', 'राऊ'. ना. सं. इनामदारांची 'झेप' मला विशेष, कारण त्रिंबकजी डेंगळ्यासारख्या माणसाकडे त्यांनी सहानुभूतीने पाहिलं. 'श्रीमान योगी'ची कुरुंदकरांची प्रस्तावना तर मी मुलांना कादंबरीच्या आधी वाचायला द्यायची. कादंबरीकाराला इतिहासाने कोणते प्रश्न विचारावेत, ते त्यात आहे.

इतिहासाचे काही शिक्षक कादंबऱ्यांवर रागावतात. मला एक मुलगा आठवतो. धनगराचा, अभ्यासात मागे. विश्वास पाटलांची 'पानिपत' येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गावच्या वाचनालयातून त्याने ती नेली आणि आठ दिवसांनी डोळे लाल करून माझ्यासमोर उभा राहिला. "बाई, कुंजपुरा नकाशात कुठंय?"

वर्गाच्या फरशीवर आम्ही खडूने यमुना काढली. दिल्ली, बागपत, पानिपत, कुंजपुरा. मराठे दिल्लीहून उत्तरेला गेले, ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतलं. मागे बागपतला अब्दाली यमुना उतरला. तो मुलगा बराच वेळ खडूच्या रेघांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे घरची वाट त्याच्या पाठीमागं राहिली." एवढी वर्षं शिकवत होते, पण मला हे असं दिसलं नव्हतं. परदेशी फौज दिल्लीच्या बाजूला आणि आपली फौज उत्तरेला, घराकडे तोंड करून उभी. अडीच महिने. मग उपास, मग निकराची चाल.

कादंबरीने त्याला रडवलं आणि नकाशापर्यंत आणलं. पुढचं काम माझं होतं. कादंबरीतलं काय कागदात आहे आणि काय लेखकाच्या मनातलं, याच्या दोन याद्या त्याने वहीत केल्या. ती वही त्याने मला देऊन टाकली, ती अजून माझ्याकडे आहे.

८. मराठ्यांचा इतिहास मराठीत मावत नाही

काशीराज फारसीत. परमानंदाचं 'शिवभारत' संस्कृतात, आणि ते हाती लागलं तंजावरला. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात बसून पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा शेजार उलगडला, सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरवला, तो मी बोट लावून वाचला. तमिळ यात्रेकरू शेजारून जात होते आणि भिंत माझ्या आजीच्या भाषेत बोलत होती. ज्याला एकच भाषा येते त्याने इतिहास लिहू नये असं मी म्हणणार नाही. पण निदान इतरांच्या अनुवादांवर प्रेम करावं.

९. आठवणीचंही वय काढता येतं

कागदाचा काळ चुकल्यावर मी पणतीच्या वाटेला जायला घाबरत होते. तरी एकदा पंचांग उघडलंच. १४ जानेवारी १७६१ म्हणजे शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. त्या दिवशी संक्रांत होती का?

स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस संक्रांतीचा, हे चरित्रांतून प्रसिद्ध आहे. इंग्रजी तारखेशी तुलना केली तर संक्रांत साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आज ती १४-१५ ला येते, तेव्हा १२ ला होती. मग त्याच्याही शंभर वर्षं आधी ती १४ ला कशी असेल? पानिपतच्या साली संक्रांत त्या बुधवारच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. संक्रांतीला पानिपत झालं, हे आपण सगळेच सर्रास म्हणतो. ते आजच्या दिनदर्शिकेवरून मागे लावलेलं गणित आहे.

म्हणजे आमच्या ओसरीवरची पणती अडीचशे वर्षांची नव्हती. तो पुरुष गेला तेव्हापासून ती लागत असती, तर पौष अष्टमीला लागली असती. ज्याला १४ जानेवारी ही तारीख ठाऊक होती आणि ज्याच्या काळात संक्रांत त्या तारखेच्या आसपास पोहोचली होती, अशा कुणीतरी ती सुरू केली. मला वाटतं ते माझे पणजोबा. घरातले पहिले शाळा शिकलेले, मराठी फायनल झालेले. शाळेच्या पुस्तकात त्यांनी तारीख वाचली असेल, घरात 'हिंदुस्थानात गेला' एवढंच ऐकलं असेल, आणि दोन्ही जोडून एक पणती लावली असेल.

हे कळल्यावर या वेळी मी लेख लिहिला नाही. आधी भावाला फोन केला, वहिनीशी बोलले, भाच्यांना समोर बसवून सगळं गणित दाखवलं. वहिनी म्हणाली, "ताई, मग कुठल्या दिवशी लावायची?" आम्ही दोन्ही दिवशी लावायचं ठरवलं. संक्रांतीला पणजोबांच्या नावाने, अष्टमीला त्या बाईच्या.

१०. रिकामी जागा रिकामी ठेवावी

त्या विनंतीपत्रात पानिपताचं नाव नाही. हिंदुस्थान आहे, पथक आहे, खबर नाही हे आहे. सन जुळतो. एवढ्यावर आमचा माणूस पानिपतावर पडला असं मी लिहू शकत नाही, आणि पडला नाही असंही नाही. १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, तिथेही माणसं गेली. वाटेत तापाने गेलेली, गुलाम म्हणून पलीकडे नेलेली, कुठेतरी हरयाणात राहून गेलेली, अशीही कितीतरी असतील. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ साली गेल्या, तोवर भाऊसाहेब येतील म्हणून त्यांनी कुंकू पुसलं नाही, आणि मध्ये भाऊंचा एक तोतयाही उभा राहून गेला. पेशव्यांच्या वाड्यात बावीस वर्षं जी खबर पोहोचली नाही, ती आमच्या खेड्यात कोण आणणार होतं?

गेल्या वर्षी मी तेवीस कागदांचं लिप्यंतर पुरं केलं. पानाच्या एका बाजूला मोडीचा फोटो, दुसऱ्या बाजूला देवनागरी. विनंतीपत्राच्या शेवटच्या दोन ओळींत त्या बाईने दोन गोष्टी मागितल्या आहेत. पहिली जमीन. दुसरीच्या ठिकाणी कसर लागलेली आहे. नेमका शब्द गेलाय, पुढचं 'द्यावी' तेवढं राहिलंय. वर एका कान्याचा तुकडा दिसतो. माझी भाची संगणकावर फोटो मोठा करून बसली होती. ती म्हणाली, "आत्या, 'खबर द्यावी' असणार. बसतंय बघ." मी भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. खबर बसतं. पण 'परवानगी'ही बसतं, आणि 'खबर'मध्ये काना नाही.

तिथे मी कंसात तीन टिंबं दिली आणि पुढच्या कागदाकडे वळले.